मायाक्काचं दुपटं

दुपार कलली तशी मायाक्कानं माळ्यावरचं बोचकं काठीनं खाली ओढलं. ते धपकन सोप्यात पडलं आणि उडालेल्या धुरळ्यानं दोघी मायलेकींना ठसका लागला.

"मला सांगायचं की," वैजयंती म्हणाली. "मी काढलं असतं."

"काढलं असतंस, पर कुटलं? वर ढीग हाय बोचक्यांचा. तुझ्या आज्याचं धोतर आणून टाकलं असतंस म्होरं."

सोप्याच्या कडेला बसलेल्या सुनेला, रुक्मिणीला, हसू आलं आणि तिनं पोटावर हात धरला. तिला आठवा संपत आला होता. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं आणि ते आपण करणार असं मायाक्कानं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. मागच्या खेपेचं बाळ जन्मलं तेच निपचित. त्याच्यासाठी तिच्या नवऱ्यानं, जोतिरामनं, अकलूजच्या बाजारातून अस्वलाचं चित्र असलेलं गुलाबी दुपटं आणलं होतं. त्यातच गुंडाळून ते नेलं. या खेपेला नवं कापड लेकराजवळ येऊ द्यायचं नाही, असं मायाक्कानं ठरवलं होतं.

तिनं बोचकं सोडलं. वापरून वापरून सायीसारखी मऊ झालेली लुगडी, नवऱ्याच्या म्हणजे आबांच्या धोतरांचे धडपे, वैजयंतीचा शाळेतला परकर, मध्ये विरलेली एक सोलापुरी चादर. त्यातून तिनं एक जांभळं लुगडं उचललं, गालाला लावून बघितलं.

"हे तर तू दिवाळीत नेसली होतीस," वैजयंती म्हणाली.

"मंग? माझ्या अंगानं मऊ झालंय. लेकराला आजीचा वास लागाय पायजे."

शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिनं चादरीचा तुकडा अंथरला. त्याच्यावर धोतराचा थर, त्याच्यावर लुगडं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, भाताचं माप आणि एक दगड असं हाताला येईल ते वजन ठेवलं. मग गुडघ्यांवर बसून तळहातानं मधून कडेकडे कापड निपटत गेली, सुरकुती राहू नये म्हणून. निपटताना तिच्या तोंडून सूं सूं आवाज निघत होता. वैजयंतीला वाटलं, दम लागतोय. पण आई काम करताना नेहमीच असा आवाज काढायची.

"जावई बरं हायती न्हवं?" मान वर न करता मायाक्का म्हणाली.

"बरे आहेत."

"येत न्हाईत आलीकडं."

"पुण्याला बदली झालीये ना. रजा मिळत नाही."

युवराज पुण्याला गेला होता हे खरं होतं. तिथं त्याचं दुसरं घर झालं होतं, आणि सोलापूरच्या कोर्टात दोघांनी न भांडता सह्या केल्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. वैजयंती शुक्रवार पेठेत एका खोलीत एकटी राहायची आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायची. गावी येताना वेळापूर सोडलं की पर्समधून मंगळसूत्र काढून गळ्यात घालायची. आईला सांगायचं, असं प्रत्येक खेपेला ठरवायची. मग चहा व्हायचा, भाकरी व्हायची आणि परतीच्या एसटीची वेळ व्हायची.

त्या दिवशीही तसंच झालं. मायाक्कानं कडेच्या दोन ओळी घालून होईतो ऊन उतरलं. निघताना तिनं लेकीच्या पिशवीत वाळवलेली वांगी कोंबली आणि म्हणाली, "म्होरल्या खेपंला येशील तवा पुरं झाल्यालं दिसंल तुला."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जोतिरामचा फोन आला. आई जनावरांना उसाचं वाडं आणायला गेली होती. भारा डोक्यावर घेऊन बांधावर आली, भारा खाली टाकला, त्याला टेकून बसली. शेजारच्या फडातल्या ऊसतोड टोळीच्या बायकांना वाटलं, म्हातारी विसावा घेतीया.

०

वैजयंती पोचली तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि आईला न्हाऊ घालून झालं होतं. कपाळभर कुंकू, हिरवं लुगडं. "भरल्या कपाळानं गेली," असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आबा जनावरांच्या गोठ्यापाशी उकिडवे बसून राहिले होते. माणसं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढं जात होती.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. घरी राहिली ती मुक्ताआत्या, आबांची थोरली बहीण. नवरा जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ धारदार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मायाक्काची लुगडी, झंपर, चपला, पांघरूण सगळं एका जागी गोळा करायला लावलं. दहाव्याला पुरुष नदीवर जातील तेव्हा ते गाठोडं न्यायचं, हा इथला रिवाज. सोप्याच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं जांभळं कापड तिच्या हाताला लागलं.

"ह्ये कुणाचं?"

"बाळाचं दुपटं हाय, आत्या," रुक्मिणी भिंतीला टेकून होती तिथूनच म्हणाली. "आई शिवत हुत्या."

मुक्ताआत्यानं ते चाचपलं. दोन ओळी, मग नुसतंच कापड. "शिवून झाल्यालं असतं तर दुपटं. आता ह्ये तिचं लुगडंच की. अंगावरचं हाय. ह्ये बी जायाला पायजे."

"मी शिवते पुरं."

"सुतकात सुई धरतीस? आन त्ये लेकराच्या अंगाला लावतीस? मागल्या बारीला काय झालं इसरलीस व्हय गं?"

रुक्मिणीनं पदर तोंडावर घेतला. वैजयंती पुढं सरकली.

"शेजारच्या कुणाला तरी द्या शिवायला," ती म्हणाली.

"कुणाला देतीस? वस्ती सगळी एका भावकीची. समद्यास्नी सुतक हाय. आन दहाव्याला तर गाठोडं जानार."

चुलीवर पाणी सळसळत होतं. मग रुक्मिणीनं पदर बाजूला केला.

"वन्संला तीनच दिवस की," ती म्हणाली. "आपल्याला दहा दिवसांचं, लग्न झाल्याल्या लेकीला तीन दिवसांचं असतंय. तिसऱ्या दिशी न्हाल्या की त्या मोकळ्या. त्यांनी शिवलं तर?"

मुक्ताआत्यानं पांढरट डोळे वैजयंतीकडं वळवले. "व्हय. तिला चालंल," ती म्हणाली. "ती परक्या घरची हाय."

रुक्मिणीनं दोन्ही हात जोडून वैजयंतीकडं बघितलं, देवळात बघावं तसं. त्या पोरीचे पाय सुजले होते, बोटं जोडव्यांत रुतली होती. नाही म्हणायला काही कारण देता येईना. जे होतं ते देण्यासारखं नव्हतं.

०

तिसऱ्या दिवशी मुक्ताआत्यानं तिला न्हाणीत बसवून डोक्यावरनं पाणी घातलं. नवं पातळ नेसवलं, कपाळाला कुंकू लावून घ्यायला सांगितलं. "झालीस मोकळी," ती म्हणाली. "आता त्यांच्यात मिसळू नगंस. जोतिरामला शिवू नगंस, रुक्मीला शिवू नगंस. शिवलीस तर पुन्ना न्हावं लागंल."

त्या दिवसापासून घरात तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. सुतकातल्यांना जे करता येत नव्हतं ते सगळं तिच्याकडं आलं. देवापुढं दिवा लावायचा, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा, दळण घेऊन गिरणीवर जायचं. नेमकी त्याच आठवड्यात कारखान्याची तोड आली. फडात टोळी उतरली. ऊस थांबवता येत नव्हता, म्हणून जोतिराम दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडानं दिवसभर फडात उभा. मोळ्या भरणाऱ्यांना घागरीनं पाणी नेऊन द्यायला वैजयंती. उसाच्या पानांनी तिचे हात कापले, घामानं ते चरचरले.

जेवणं झाली की ती दुपटं घेऊन सोप्याच्या दाराशी उजेडात बसायची. रुक्मिणी हातभर अंतर सोडून समोर.

पहिल्या दिवशी तिनं एक ओळ संपवली आणि दोऱ्याला गाठ मारली. रुक्मिणी मान पुढं काढून बघत होती.

"वन्सं, गाठ मारलीसा व्हय?"

"मग? दोरा निघेल ना."

"आई गाठ मारत न्हवत्या. लेकराच्या अंगाला रुततीया म्हनायच्या. शेवट आत थरात घालायच्या, आन उलट दोन टाकं."

वैजयंतीनं गाठ कातरली, ओळ उसवली, पुन्हा घातली. चादर जाड होती. तीन थरांतून सुई काढताना बोटाच्या टोकाला दाबून दाबून खड्डा पडला, मग तिथली कातडी फाटली. तिनं चिंधी गुंडाळली. आईच्या टाक्यांना एक कल होता. आईचा अंगठा कोयत्यानं कापून वाकडा सांधलेला होता, म्हणून तिला सुई तशीच धरता यायची. वैजयंतीचे टाके सरळ पडत होते. आईचा दोरा जिथं संपला होता तिथं पोचली की तिचा हात थबकायचा. तेवढ्या जागी ती उगीच बोट फिरवायची, मग सुई पुढं ढकलायची.

"जमतंय की," रुक्मिणी म्हणायची. "सोलापूरची पावनी, पर जमतंय."

पाचव्या की सहाव्या दिवशी येडूकाकी आली. पलीकडच्या घरातली, मायाक्काबरोबर चाळीस वर्षं पाण्याला आणि खुरपायला गेलेली. तिच्यामागं आणखी बायका. येडूकाकीनं रुक्मिणीला मिठी मारली आणि गळा काढला, "कुटं गेलीस गं माझी जोडीदारीन." बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. वैजयंतीनं घमेलं खाली ठेवलं. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे एकदम पाण्यानं भरले. ती त्या घोळक्याकडं गेली आणि येडूकाकीच्या पाठीशी वाकली.

"लांब सर बाय, लांब," येडूकाकी रडता रडताच हात आडवा करून म्हणाली. "शिवाशिव हुईल. तुझं सुटलंय न्हवं?"

वैजयंती मागं सरली. बायका रडत राहिल्या. सोप्याच्या पायरीवर बसून तिनं त्यांचं रडणं ऐकलं. तिचं आलेलं तसंच आत गेलं आणि पुन्हा येईना. थोड्या वेळानं बायकांना पाणी लागलं, ते तिनं वरून ओतून दिलं.

जाताना येडूकाकी सहज म्हणाली, "जावई कवा येनार गं? सासूच्या मातीला न्हाय आला, दहाव्याला तरी?"

"ट्रेनिंगला गेलेत. बघू."

"बघू काय? सासरच्यांनी दुखवट्याचं कापड आनाय पायजे. लोक बोलत्यात."

"लोकास्नी दुसरा धंदा काय हाय," आतनं मुक्ताआत्या म्हणाली. पण रात्री जेवताना तिनंही तेच विचारलं, आणि वैजयंतीनं पुन्हा तेच उत्तर दिलं.

आबा एकदाच तिच्याजवळ आले, तेही उंबऱ्याबाहेर थांबून. "तुझं काम झालं की जाशील," ते म्हणाले. प्रश्न होता की काय, तिला कळलं नाही. "दहाव्यापर्यंत आहे, आबा." त्यांनी मान हलवली. एरवी ते तिच्या पाठीवर हात ठेवायचे. या वेळी हात उचलला आणि आठवण झाल्यासारखा खाली घेतला.

दुपटं मात्र भरत आलं. ओळीत ओळ आत आत जात मध्यावर पोचली. कडा दुमडून झाल्या. राहिला एक कोपरा. तो इथल्या घरात शेवटच्या दिवशीच बंद करायचे. गोधडी असो, वाकळ असो, लेकराचं दुपटं असो, कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून सवाष्णीनं शेवटचा टाका घालायचा, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही. तो टाका पडला की कापडाचं दुपटं होतं.

०

दहाव्याच्या सकाळी न्हावी आला. गोठ्यापुढं जोतिराम डोकं वाकवून बसला आणि त्याचे केस मातीत पडत राहिले. नदीवर जायला ट्रॅक्टर आणून उभा केला होता. ट्रॉलीत तांब्या-पितळेची भांडी आणि पीठ चढलं होतं. आईच्या कपड्यांचं गाठोडं दाराशी होतं. मुक्ताआत्यानं त्याची एक गाठ सैलच ठेवली होती.

"आटपा गं. गाठोडं ट्रॉलीत जायच्या आत कोपरा बंद व्हाय पायजे. न्हायतर पुन्ना भांडन नगं माझ्याशी."

वैजयंतीनं सोप्यात दुपटं पसरलं. जांभळ्या कापडावर पांढऱ्या ओळी, कडेला आईच्या कललेल्या, आत तिच्या सरळ. उघडा कोपरा माशाच्या तोंडासारखा दिसत होता. रुक्मिणी समोर मांडी घालून बसायचा प्रयत्न करत होती आणि तिला बसता येत नव्हतं. शेवटी एक पाय लांब सोडून ती भिंतीला टेकली.

मुक्ताआत्यानं करंडा आणला. "कपाळ पुसट झालंय. लाव आदी." वैजयंतीनं लावलं. आत्यानं हात पुढं करून तिच्या गळ्यातलं मंगळसूत्रही पदराबाहेर काढलं, नीट मध्ये आणलं. मग भाकरीचा कोरडा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो कोपऱ्यात सरकवला. थरांच्या आत बोट गेलं तेव्हा चादर आतून उबदार लागली, उन्हात पसरली होती म्हणून असेल. तिनं सुई ओवली.

"वन्सं," रुक्मिणी खालच्या आवाजात म्हणाली. "एक सांगू?"

"सांग."

"मला लई भ्या वाटतंय. आई हुत्या तवा वाटत न्हवतं. रातच्याला पोटात हललं न्हाय की उठून बसतीया. पर तुमी शिवाय लागल्यापासनं जरा धीर हाय. आईंचं कापड आन भरल्या घरच्या सवाष्णीचा हात. आता काय वंगाळ हुनार न्हाय. न्हवं?"

तिनं विचारलं होतं आणि ती वाट बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं पडली होती.

"न्हवं, वन्सं?"

वैजयंतीनं सुई कापडात घातली. टोक दुसऱ्या बाजूला आलं. ओढायचा अवकाश होता. ओढली की हे घरात राहणार होतं, रुक्मिणीच्या ट्रंकेत जाणार होतं आणि महिन्याभरात एक लेकरू यात झोपणार होतं. ती संध्याकाळच्या एसटीनं सोलापूरला जाणार होती, परक्या घरची म्हणून आली तशीच. कुणालाही काही कळणार नव्हतं. आईलाही कळलं नव्हतं.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. जोतिराम गुळगुळीत डोक्यानं दारात आला. आईच्या डोक्याची ठेवण त्याच्यात एवढी होती हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तो गाठोड्याला वाकला.

"घिऊ का?"

"थांब, एक टाका ऱ्हायलाय," मुक्ताआत्या म्हणाली.

"आत्या," वैजयंती म्हणाली. "युवराज येणार नाही."

"उशिरा ईल. येऊ दे की. टाका घाल."

"येणारच नाही. आमचा काडीमोड झालाय. दोन वर्षं झाली. कोर्टात."

जोतिराम तसाच वाकलेला राहिला. रुक्मिणीचा हात पोटावर गेला. ट्रॅक्टरच्या आवाजानं कोनाड्यातली ताटली थरथरत होती.

मुक्ताआत्या पुढं आली. तिला नीट दिसत नव्हतं. तिनं अंदाजानं वैजयंतीचं मनगट धरलं आणि तोंड जवळ आणून घाईघाईनं म्हणाली, "मला काय ऐकू आलं न्हाय. जोत्या, तुला आलं? न्हाय न्हवं. वैजू, टाका घाल. त्या पोरीकडं बघ जरा. मंग काय बोलायचं ते बोल, म्हैनाभरानं बोल, पर आता टाका घाल."

"सुतकाच्या हातानं शिवलेलं चालत नाही म्हणालात."

"तुला तीन दिवसांचं हुतं. मी स्वता न्हाऊ घातलंय तुला."

रुक्मिणी दुपट्याकडं बघत होती. वैजयंतीनं तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली नाही. मग सुई ज्या वाटेनं गेली होती त्याच वाटेनं तिनं मागं घेतली. दोरा सरसरत थरांतून बाहेर आला. हात पुढं करून तिनं रुक्मिणीचा सुजलेला पाय धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी शिवली.

"मी परक्या घरची न्हाय, आत्या," ती म्हणाली. आवाज फुटला, तिनं तो आवरला नाही. "मी हितलीच हाय. माझी आई मेलीया. मला दहा दिवसांचं हाय."